आपल्यावाचून कुणाचं तरी अडायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेघर माणसांना काम मिळावं म्हणून तुमच्या गटाने कापडी पिशव्या शिवण्याचा छोटा उद्योग सुरू केला. वर्ष होत आलं. नऊ जण कामाला लागले, त्यातले पाच निघून गेले. मजुरी वेळेवर मिळते, दर आठवड्याला एक प्रेरणादायी व्याख्यान असतं, समुपदेशकही येतात. तरी उरलेले चौघे मान खाली घालूनच वावरतात. त्यांचा आत्मसन्मान परत यावा म्हणून आणखी काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सोळा वर्षं हेच काम करते. जुनं लाकडी सामान दुरुस्त करून विकण्याची आमची कार्यशाळा आहे. तिथले बहुतेक जण कधी ना कधी फुटपाथवर, स्थानकात, पुलाखाली झोपलेले आहेत. सुरुवात मीही तुमच्यासारखीच केली होती, अगदी व्याख्यानांसकट. त्यामुळे आणखी काय करावं याच्या आधी काय थांबवावं, तिथून सुरू करते.

व्याख्यानं थांबवा. वक्ते चांगले असतील, त्यांची तळमळही खरी असेल. पण रस्त्यावरच्या माणसाला उपदेश फुकट आणि भरपूर मिळालेला असतो. 'हात-पाय धड आहेत, काम का करत नाहीस' हे त्याने इतक्यांदा ऐकलेलं असतं की 'तुम्ही ठरवलंत तर काहीही करू शकता' हे वाक्यही त्याच्या कानाला तसंच लागतं. माणसाला 'हे मला जमेल' असा विश्वास कुठून येतो, यावर मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली जी मांडणी केली, ती मला आजही रोजच्या कामात उपयोगी पडते. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः काहीतरी पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते पार पाडताना पाहणं, कुणी धीर देणं, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यांत बळकट पहिला. धीराचे शब्द त्याच्या मानाने फार दुबळे असतात आणि पहिल्याच अपयशात वाहून जातात. तुमचा आठवड्यातला सगळा जोर तिसऱ्या उगमावर खर्च होतो आहे. समुपदेशन मात्र चालू ठेवा, पण ज्याला हवं त्याच्यासाठी, आणि कामाच्या जागेपासून जरा दूर. चारचौघांदेखत 'तुमची वेळ झाली' म्हणून उठवून नेलं, की त्याचीही शिक्षा होते.

बेघर होणं म्हणजे छप्पर जाणं, असं आपण धरून चालतो. छप्पर जातंच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती बाहेरून दिसत नाही: सकाळी आपण उठलो नाही तर कुणालाही काही फरक पडत नाही, हे माणसाला कळून चुकतं. कुणी वाट पाहत नाही, कुणी जाब विचारत नाही, कुणी मत विचारत नाही. लोक त्याच्याकडे पाहतात, पण माणूस म्हणून पाहतात का, हा प्रश्न आहे. लासाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी २००६ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन एक अभ्यास केला. दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करताना मेंदूचा जो भाग एरवी जागा होतो, तो बेघर आणि व्यसनी माणसांची छायाचित्रं पाहताना पुरेसा जागा होत नव्हता. पुढच्या प्रयोगात पाहणाऱ्यांना एक साधा प्रश्न दिला: या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का? एवढ्याने तो भाग पुन्हा काम करू लागला. मला हे वाचून धक्का बसला नाही, रडू आलं. कारण आमच्याकडे आलेल्या एका काकांनी कितीतरी आधी मला हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. त्यांना दोन शर्ट दाखवून 'कोणता घेता?' म्हटलं, तर ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, देतात सगळे. विचारत कुणी नाही."

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, मिंधेपणा. घेणाऱ्याची मान ज्याने खाली जाते तो. तुमचे चौघे मान खाली घालून वावरतात, कारण त्यांच्या हिशेबी ते अजून घेतच आहेत. जागा तुमची, यंत्रं तुमची, कापड तुमचं, गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचं, मजुरीसुद्धा तुमच्या दयेने ठरलेली. मजुरी कष्टाचीच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना मात्र ती तुमच्या भलेपणाची वाटते.

ही गाठ सुटते ती एकाच ठिकाणी: आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे जेव्हा माणसाच्या अनुभवाला येतं तेव्हा. फ्रान्समध्ये १९४९ साली पॅरिसजवळ एमाउस ही चळवळ सुरू झाली, तिची सुरुवातच अशी आहे. आबे पिएर या धर्मगुरूंकडे जॉर्ज नावाचा, दीर्घ शिक्षा भोगून परतलेला माणूस आला. त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता. पिएरनी त्याला आसरा देऊ केला नाही. माझ्याकडे तुला द्यायला काही नाही, पण बेघर कुटुंबांसाठी घरं बांधतो आहे आणि हात कमी पडतात, येतोस का मदतीला, अशा अर्थाचं ते बोलले. जॉर्ज राहिला. पुढे टाकाऊ वस्तू गोळा करून, दुरुस्त करून विकणाऱ्या त्या वसाहती सुमारे चाळीस देशांत पसरल्या. आपल्याकडे जवळजवळ त्याच काळात, १९५१ साली, बाबा आमट्यांनी गावाने हाकललेल्या कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन उभं केलं. तिथेही ज्यांनी आयुष्यभर घ्यायचं असं जगाने ठरवलं होतं, त्यांनीच विहीर खणली, शेत पिकवलं आणि इतरांना दिलं.

आबे पिएर यांचं नाव घेतलं की दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ मध्ये ते वारले, आणि २०२४ मध्ये त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप पुढे आले. ते त्यांच्याच चळवळीतल्या संस्थांनी प्रसिद्ध केले. जिथे माणसं आपल्यावर अवलंबून असतात, तिथे आपल्या हातात केवढी सत्ता असते, हे मी स्वतःला विसरू देत नाही. तुमच्या गटाबाहेरची, तुमच्याशी कसलाही संबंध नसलेली एक व्यक्ती नेमा, जिच्याकडे कामगार तुमच्याविरुद्ध तक्रार करू शकतील. तिचा फोन नंबर भिंतीवर ठळक लिहा. कुणी वापरला नाही तरी तो तिथे असण्याने फरक पडतो.

आता तुमच्या शिवणकामाकडे या. मंगळवारी चौघांपैकी एक जण आला नाही, तर काय अडतं? मला वाटतं, काहीच नाही. कापणारा कापतो, दुसरा शिवतो, तिसरा बंद लावतो, आणि कुणी नसलं तर तुमचे स्वयंसेवक हातभार लावतात. पिशवी तयार होतेच. न येणाऱ्यालाही हे माहीत असतं. आम्हीही पहिली दोन वर्षं असंच चालवलं. एक जण फक्त पॉलिश पेपर घासायचा, दुसरा फक्त खिळे काढायचा. काम भरभर व्हायचं आणि माणसं भराभर जायची.

मग आम्ही ठरवलं की एक खुर्ची एका माणसाची. ती गोदामातून निवडायची त्याने, काय बिघडलं आहे ते ठरवायचं त्याने, सांधे उकलायचे, रंधा मारायचा, गुण्या लावून पाय तपासायचे, रंग द्यायचा, सगळं त्याने. येत नसेल तर शेजारच्याला विचारायचं. खुर्चीच्या खाली त्याचा क्रमांक कोरायचा. यात वेळ दुपटीने जातो, पहिल्या खुर्च्या वाईट होतात, आणि हिशेब पाहणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. पण दोन महिन्यांत काय झालं ते सांगते. एका बाईंनी नेलेल्या खुर्चीचा पाय आठ दिवसांत डुगडुगायला लागला. त्या तावातावाने आल्या. मी पुढे होऊन सावरायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नको, ज्याने केली त्याला बोलवा." क्रमांक बघून आम्ही त्याला बोलावलं. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, जसं कुठल्याही सुताराला झापतात तसं. तो काही न बोलता खुर्ची आत घेऊन गेला. मला वाटलं, गेला हा, उद्यापासून येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी दारात उभा होता. सांधा उकलून नव्याने बसवला, सरस वाळेपर्यंत दिवसभर त्या खुर्चीकडे बघत राहिला. पुढे कितीतरी दिवस तो ही गोष्ट नव्या येणाऱ्यांना सांगायचा, आणि सांगताना त्याची मान ताठ असायची. "त्या रागावल्या ना," तो म्हणायचा, "म्हणजे माझ्याकडून चांगली खुर्ची मिळेल असं धरून चालल्या होत्या." सात वर्षं रस्त्यावर काढलेल्या त्या माणसाकडून कुणी काही धरून चाललं होतं, ही त्याच्या लेखी केवढी गोष्ट होती, ते मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर आम्ही तक्रारी स्वतःवर झेलणं बंद केलं. तुमच्या पिशवीचा बंद तुटला, तर ते गिऱ्हाईक आणि ती शिवणारी व्यक्ती यांची गाठ घालून द्या. माणसाला चुकण्यापासून वाचवत राहिलं, की त्याच्या हातून काही घडलं असं तो कधीच म्हणू शकत नाही.

इथे एक खरी अडचण आहे, आणि ती झाकून चालणार नाही. माणसावाचून अडायला हवं, पण धंदा बुडायला नको. रस्त्यावरून आलेला माणूस पहिल्या वर्षात दांड्या मारणारच. झोप नसते, दुखणी असतात, कधी जुनं व्यसन डोकं वर काढतं, कधी पोलीस सामान उचलून नेतात आणि दिवस ते सोडवण्यात जातो. आम्ही तोडगा असा काढला: ज्याची वस्तू, ती त्याच्यासाठी थांबते. तो चार दिवस आला नाही तर अर्धवट खुर्ची त्याच्या जागेवर तशीच राहते, दुसरं कुणी तिला हात लावत नाही. मात्र गिऱ्हाइकाला तारीख देताना तीन-चार दिवसांची सूट आधीच धरलेली असते, आणि दहा जणांचं काम असेल तर पटावर तेरा-चौदा नावं असतात. म्हणजे त्या माणसाचं काम अडतं, पण दुकान अडत नाही. तो परत आला की जाब विचारायचा नाही, लाडही करायचे नाहीत. 'खुर्ची तशीच ठेवली आहे' एवढं एकच वाक्य. गैरहजेरीच्या पहिल्याच दिवशी मात्र संध्याकाळपर्यंत कुणीतरी फोन करतं किंवा जाऊन बघतं. हजेरी घेण्याच्या सुरात नाही. आज वाट पाहिली, एवढं कळवायला.

हे परवडतं कसं, हे तुम्ही विचारणारच. दोन वह्या ठेवा. एक धंद्याची: कापड, दोरा, भाडं, मजुरी, विक्री. दुसरी माणसं सावरण्याची: जादा हात, वाया गेलेला माल, दवाखाना, समुपदेशक, शिकवणाऱ्याचा पगार. पहिली वही स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. दुसरीसाठी देणगी किंवा अनुदान मागायला अजिबात लाजू नका. या दोन्ही एकत्र केल्या की एकतर तुम्ही अशक्त माणसांना काढून टाकून तगड्यांना ठेवायला लागता, नाहीतर पिशव्या दयेच्या किमतीला विकायला लागता. दोन्ही होताना मी पाहिलं आहे, आणि पहिलं मी स्वतः केलं आहे. ज्या दोघांना तेव्हा काढलं, त्यांचे चेहरे मला आठवतात.

दयेच्या किमतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सामाजिक उद्योग इथेच सर्वांत जास्त घसरतात. आमच्या दुकानावर सुरुवातीला मोठा फलक होता: 'बेघर बांधवांनी घडवलेल्या वस्तू'. विक्री छान व्हायची. लोक वस्तू न्याहाळायचे नाहीत, किंमत विचारायचे नाहीत, डोळ्यांत पाणी आणून पैसे द्यायचे. एका संध्याकाळी आमच्यातल्या सर्वांत हुशार कारागिराने मला विचारलं, "माझं टेबल बघितलं का कुणी?" मी उत्तर शोधत राहिले. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. तो फलक मी स्वतः उतरवला. विक्री पडली, वर्षभर ओढाताण झाली, आणि त्या ओढाताणीत आमचा माल सुधारला, कारण आता तो लाकूड म्हणूनच विकायचा होता.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सला ग्रेस्टन बेकरी आहे, १९८२ साली झेन गुरू बर्नी ग्लासमन यांनी सुरू केलेली. तिथे नोकरीसाठी मुलाखत नाही, पूर्वायुष्याची चौकशी नाही. यादीत नाव लिहायचं, नंबर लागला की कामावर यायचं. घर नसलेले, तुरुंगातून सुटलेले, सगळे याच वाटेने येतात. पण ही बेकरी बेन अँड जेरीज या मोठ्या आईस्क्रीम कंपनीला ब्राऊनी पुरवते. तिथे माल कमी प्रतीचा चालत नाही. आत यायला काही अट नाही, आणि आत आल्यावर कामात सूट नाही, हे दोन्ही एकत्र आहे म्हणून ती जागा चालते. पिशवीवर 'बेघरांनी शिवलेली' असं लिहिलं असेल, तर पुढच्या छपाईत ते काढा. पिशवी मजबूत आहे म्हणून घेणारं गिऱ्हाईक हळूहळू मिळतं.

दुसरा रस्ता आहे माणसाला कामगार न करता छोटा धंदेवाईक करण्याचा. लंडनमध्ये १९९१ साली गॉर्डन रॉडिक आणि जॉन बर्ड यांनी द बिग इश्यू हे नियतकालिक काढलं. बर्ड स्वतः रस्त्यावर राहिलेले होते, रॉडिक यांनी न्यूयॉर्कमध्ये बेघर माणसांना असंच एक वृत्तपत्र विकताना पाहिलं होतं. पद्धत साधी आहे: विक्रेत्याने अंक छापील किमतीच्या अर्ध्या किमतीत आधी विकत घ्यायचे आणि पूर्ण किमतीला विकायचे. उरले तर तोटा त्याचा. ऐकायला कठोर वाटतं. पण किती अंक घ्यायचे, पावसात उभं राहायचं की नाही, हे तो ठरवतो. अंदाज चुकला तर त्याचा, बरोबर आला तरी त्याचा. त्याच्या नावाचं ओळखपत्र असतं, ठरलेली जागा असते, आणि त्या जागेवर रोज त्याच वेळी येणारं एक गिऱ्हाईक असतं जे तो दिसला नाही तर 'आज कुठे गेला' म्हणून विचारतं. १९९४ पासून अशा वृत्तपत्रांचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे. स्टॉकहोममध्ये लोक रोख पैसे बाळगेनासे झाले, तेव्हा तिथल्या विक्रेत्यांना कार्ड घेणारी यंत्रं दिली गेली. तुमच्या चौघांपैकी एकाला तरी बाजारात बसून विकायला आवडेल, असं मला वाटतं. त्याला पिशव्या उधारीवर न देता विकत द्या, कमी किमतीत का होईना. पैसे नसतील तर मजुरीतून आधी साठवू द्या. पहिल्या खेपेला किती घ्यायच्या, ते मात्र तुम्ही सांगू नका.

आता काही गोष्टी भरभर, कारण त्या साध्या आहेत, पण नसल्या तर वरचं सगळं हवेत राहतं. पाय. रस्त्यावरच्या माणसाचे पाय सुजलेले, भेगाळलेले असतात. धड बूट आणि बसायला खुर्ची आधी द्या. कुलूप लागणारी पेटी प्रत्येकाला हवी, कारण कागदपत्रं आणि औषधं अंगावर बाळगणारा माणूस दिवसभर त्यांच्याच काळजीत असतो. फोन चार्ज करायला जागा हवी. अंघोळीची सोय कामाच्या आधीच्या वेळेत असावी. मजुरी पहिल्या महिन्यात रोजची द्या, मग आठवड्याची, मग महिन्याची. ज्याच्याकडे पैसे ठेवायला जागा नाही त्याला महिन्याचा पगार एकदम देणं म्हणजे त्याला लुटण्यासाठी उघडं टाकणं. आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवा. ती वेळ एकट्याने काढणं काहींना फार जड जातं.

घराचा प्रश्न कामाने सुटेल, या भ्रमात राहू नका. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेंबेरिस यांनी आधी घर द्या, मग बाकीचं बघा, ही पद्धत राबवली. व्यसन सोडण्याची किंवा उपचार घेण्याची अट नाही, सरळ किल्ली. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांबरोबर ती तपासली, आणि माणसं घरात टिकून राहण्याच्या बाबतीत ती स्पष्टपणे सरस ठरली. मात्र घर मिळालं म्हणून कामधंदा आपोआप लागत नाही, हेही दिसलं. घर आणि काम या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीची पूर्तता ही दुसरीची अट करू नये. तुमच्याकडे येणारा अजून रस्त्यावर झोपतो की निवाऱ्यात, पितो की नाही, यावर त्याचं काम अवलंबून ठेवू नका. यंत्रावर बसताना तो शुद्धीत असावा, एवढा एकच नियम आमच्याकडे आहे, आणि तो माझ्यासकट सगळ्यांना आहे.

बोलण्याविषयी. आपल्या भाषेत माणसाची किंमत एका अक्षरात कळते. स्वयंसेवक विशीतले आणि कामगार पन्नाशीचे, तरी 'अरे, इकडे ये' असं सर्रास चालतं, कारण समोरचा बेघर. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना अहो-जाहो. पुढे ओळख झाली की दादा, काका, मावशी असं आपसूक होतं, पण ते त्या व्यक्तीला आवडलं तर. 'लाभार्थी' हा शब्द अर्जात लिहावा लागतो तिथे लिहा, तोंडी कधीही नको. 'तुम्ही रस्त्यावर कसे आलात' हा प्रश्न कुणीही, कधीही विचारायचा नाही. सांगायचं असेल तेव्हा माणूस सांगतो, आणि ते बहुतेकदा हातात काम असताना, समोर न बघता सांगतो. देणगीदार आले की कामगारांना एका रांगेत उभं करून कहाण्या सांगायला लावणं, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी लावणं, हे तर पूर्ण बंद करा. मी एकदा असा सत्काराचा कार्यक्रम केला होता. एक जण दाढी करून, नवा शर्ट घालून आला, टाळ्या घेतल्या, आणि त्यानंतर आम्हाला कधीच दिसला नाही.

म्हणजे रस्त्यावरचं आयुष्य लपवायचं का? नाही. तोही अनुभव आहे, आणि त्याची किंमत होऊ शकते, फक्त ती सांगणाऱ्याच्या हातात हवी. लंडनमध्ये २०१० पासून अनसीन टूर्स, एडिंबरामध्ये २०१६ पासून इन्व्हिजिबल सिटीज अशा उपक्रमांत पूर्वी बेघर राहिलेली माणसं शहर दाखवणारे वाटाडे म्हणून काम करतात. चांगल्या वाटाड्याकडे शहराचा इतिहास असतो, गल्लीबोळांची माहिती असते, विनोद असतात. स्वतःविषयी किती सांगायचं हे तो ठरवतो. तो तिथला जाणकार असतो आणि ऐकणारे पाहुणे. दुःख विकण्यात आणि जाणकारी विकण्यात केवढं अंतर आहे, ते अशा फेरीत पाऊल टाकलं की लगेच जाणवतं.

बांडुरांनी सांगितलेला दुसरा उगम, आपल्यासारख्याला पाहणं, तुमच्याकडे पूर्ण वाया जातो आहे. शिवण कोण शिकवतं? तुमचे स्वयंसेवक. सॅन फ्रान्सिस्कोला १९७१ पासून डेलान्सी स्ट्रीट ही संस्था आहे, तुरुंग, व्यसन आणि बेघरपण यांतून आलेल्यांची. तिथे किमान दोन वर्षं राहायचं असतं, आणि आधी आलेल्याने नंतर आलेल्याला शिकवायचं असतं. ज्याला थोडं येतं तो, ज्याला काहीच येत नाही त्याला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी समुद्रकिनारी स्वतःची भली मोठी इमारत बांधली, आणि बांधणाऱ्यांत बहुतेकांनी आधी बांधकाम केलेलं नव्हतं. तुमच्या चौघांपैकी जी व्यक्ती सर्वांत बरी शिवते, तिच्या हाती पुढच्या नवख्याला सोपवा. ती पूर्ण तरबेज होण्याची वाट पाहू नका. शिकवण्याचे वेगळे पैसे द्या. आणि तुमचे स्वयंसेवक त्या काळात खोलीतून बाहेर राहू द्या, हे त्यांना जड जाईल तरी.

एक भीती आणखी. जागा फार उबदार झाली की माणसं तिथेच राहतात, आणि आपल्यालाही ते हवंसं वाटतं. बेघर माणसांच्या फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे सुरू झाली. तिचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. पुढे जायचंच आहे, हे त्यात आधीच बांधलेलं आहे. आमच्याकडे मुदत नाही, काही जण दहा वर्षं आहेत आणि राहोत. पण दर सहा महिन्यांनी आम्ही प्रत्येकाला विचारतो, पुढे काय करायचं आहे? बाहेरच्या नोकरीत गेलेल्याला तीन महिने जागा राखून ठेवतो. परत यायची वाट उघडी असली की माणसं जास्त धिटाईने जातात.

फरक पडतो आहे हे ओळखायचं कसं, असंही तुमच्या प्रश्नात मागे कुठेतरी आहे. आत्मसन्मान मोजण्याची रोझेनबर्ग यांची दहा विधानांची प्रश्नावली १९६५ पासून वापरात आहे, अनुदान देणारे बऱ्याचदा तीच मागतात. भरून द्या, पण नुकत्याच कामाला लागलेल्या माणसाकडून 'मी निरुपयोगी आहे असं मला कधीकधी वाटतं' अशा विधानांवर खुणा करून घेताना त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. मी दुसऱ्याच गोष्टींवर नजर ठेवते. माणूस दुसऱ्याच्या कामातली चूक काढायला लागतो. मजुरीवर घासाघीस करतो, माझ्याशी भांडतो. आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तो रजा मागतो. पूर्वी नुसता नाहीसा व्हायचा. आता येऊन सांगतो, उद्या दवाखान्यात जायचं आहे, चालेल का? आपण नसलो तर काहीतरी राहील, हे त्याला आता ठाऊक असतं. पहिल्यांदा रजा मागणाऱ्याची तारीख मी वहीत लिहून ठेवते.

राहिले तुमचे निघून गेलेले पाच जण. त्यांच्याविषयी तुम्ही भूतकाळात लिहिलं आहे. ते बहुधा त्याच भागात कुठेतरी असतील. जा त्यांच्याकडे. परत या म्हणायला नको, समजूत घालायला नको. कुणाची उरलेली मजुरी असेल तर हिशेब करून पैसे सोबत न्या आणि त्यांच्या हातात द्या. नंतर एक पिशवी काढा, जी विकली जात नाही किंवा जिचा बंद वारंवार तुटतो, आणि त्यांना दाखवा. वर्षभरात कधीतरी ती त्यांनीही शिवली आहे. कुठे चुकतं आहे, ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथे बसून राहा.